पुसून टाकलेल्या एक्स-रेंबद्दल : तंत्रज्ञ घडवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
एक्स-रे तंत्रज्ञांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांचे प्रमुख व शिक्षक, आणि हे विद्यार्थी जिथे प्रत्यक्ष काम शिकतात त्या विभागांतील ज्येष्ठ सहकारी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या विभागात प्रशिक्षणासाठी आलेल्या एका विद्यार्थिनीने एका पेशंटच्या मनगटाचा लॅटरल व्ह्यू, म्हणजे बाजूने घेतलेला एक्स-रे, तीन वेळा काढला. मी शेजारच्या खोलीत होते. येऊन पाहिले तेव्हा पेशंट निघून गेला होता आणि स्क्रीनवर तिसरा, ठीक आलेला एक्स-रे होता. "आधीचे दोन कुठे आहेत?" असे विचारल्यावर ती सहज म्हणाली, "डिलीट केले, मॅडम." पहिल्यात काय चुकले होते? "नीट आला नव्हता." म्हणजे नेमके काय? ती गप्प झाली. दुसऱ्यात काय बदलले? तेही तिला सांगता आले नाही. तिसरा नीट का आला, हे तर तिला अजिबातच ठाऊक नव्हते.

मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे, पेशंटशी गोड बोलते. लेखी परीक्षेत तिला उत्तम गुण आहेत. म्हणूनच "नीट आला नव्हता" हे उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. तीन एक्स्पोजर झाले, म्हणजे पेशंटवर तीनदा किरण सोडले गेले, त्यातले दोन वाया गेले, आणि त्या दोनांतून ती काहीच शिकली नाही. पुढच्या मनगटालाही ती तीनदाच बटण दाबणार. यात तिचा दोष मला फार थोडा वाटतो. आपण तिला जसे शिकवले तशी ती वागली.

मी शिकले ते फिल्मच्या काळात. डार्करूममधला तो मंद लाल दिवा, डेव्हलपरचा नाकात बसणारा वास, हँगरला लावलेली ओली फिल्म आणि तिच्या खालच्या कोपऱ्यातून ठिबकणारे पाणी, हे सगळे परत यावे असे मला मुळीच वाटत नाही. त्या रसायनांनी आमच्यातल्या कित्येकांच्या हातांची कातडी आणि घसे बिघडवले. पण त्या काळात एक गोष्ट आपोआप होत असे : वाया गेलेली फिल्म लपत नसे. ती एका पेटीत जमा व्हायची. आमचे ज्येष्ठ आठवड्यातून एकदा ती पेटी रिकामी करायचे आणि एकेक फिल्म व्ह्यूबॉक्सवर लावून विचारायचे, "ही का गेली, सांगा." फिल्म कोणाची आहे हे सगळ्यांना माहीत असायचे. पहिल्यांदा माझी लागली तेव्हा जमिनीत गडप व्हावेसे वाटले होते. छातीचा एक्स-रे होता. दोन्ही कॉलरबोनची आतली टोके मणक्याच्या मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर हवीत. माझ्या फिल्ममध्ये एक टोक मध्यरेषेला चिकटलेले आणि दुसरे लांब गेलेले. पेशंट किंचित वळलेला होता आणि मी ते पाहिले नव्हते. त्या दिवसापासून आजपर्यंत मी पेशंटचे दोन्ही खांदे मागून पाहिल्याशिवाय छातीचे एक्स्पोजर दिलेले नाही.

फिल्म गेली आणि ती पेटीही गेली. तिच्या जागी एक बटण आले. नको असलेला एक्स-रे दोन सेकंदांत नजरेआड होतो. फार तर कारणांच्या यादीतून एक कारण निवडावे लागते, आणि घाईत यादीतले पहिलेच निवडले जाते. विद्यार्थी चुकतो, हे त्याच्या शिक्षकाला कळत नाही, ज्येष्ठाला कळत नाही आणि बहुतेक वेळा त्याला स्वतःलाही कळत नाही. चुकीतून शिकायची जागाच आपण मोडीत काढली आणि तिच्या बदल्यात दुसरे काही उभे केले नाही.

दुसरी गोष्ट यापेक्षा गंभीर आहे. फिल्म स्वतःच बोलायची. एक्स्पोजर जास्त झाले तर काळी पडायची, कमी झाले तर पांढरी राहायची, आणि कोणीही लांबूनच ओळखायचा. फिल्मच्या जागी आलेल्या डिजिटल डिटेक्टरची झेप मोठी असते. कमी एक्स्पोजर दिले तर चित्र दाणेदार येते आणि एक्स-रे वाचणारे डॉक्टर, म्हणजे रेडिओलॉजिस्ट, लगेच फोन करतात. जास्त दिले तर संगणक सगळे सावरून घेतो. चित्र उलट जास्तच स्वच्छ, गुळगुळीत येते. कोणी तक्रार करत नाही. मग "थोडे जास्तच देऊ, रिपीट नको" अशी सवय लागते. महिन्यागणिक तो आकडा हळूहळू वर सरकत जातो. आमच्या क्षेत्रात याला 'एक्स्पोजर क्रीप' म्हणतात. किंमत पेशंट मोजतो, आणि त्याला ते कधीच कळत नाही.

हे ओळखायला यंत्राने एक खूण दिलेली असते : चित्रासोबत येणारा एक्स्पोजर इंडेक्स, म्हणजे डिटेक्टरवर किती एक्स्पोजर पोचले त्याचा आकडा, आणि त्याच्या बाजूचा डेव्हिएशन इंडेक्स, म्हणजे ठरवलेल्या लक्ष्यापासून आपण किती हटलो ते सांगणारा आकडा. डेव्हिएशन इंडेक्स शून्य म्हणजे ठरवलेल्या लक्ष्यावर. अधिक तीन म्हणजे डिटेक्टरवर लक्ष्याच्या जवळपास दुप्पट एक्स्पोजर पोचले. उणे तीन म्हणजे निम्मे. मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी त्या आकड्यावर बोट ठेवून विचारते, हे काय आहे? बहुतेकांनी तो आकडा पाहिलेला असतो, पण त्याचा अर्थ कोणी विचारलेला नसतो. लेखी परीक्षेत याच आकड्याचे लघुगणकाचे सूत्र ते न चुकता लिहून आलेले असतात.

वर्ग आणि एक्स-रे रूम यांच्यात ही जी भिंत उभी आहे ती मला रोज दिसते. अंतराच्या व्यस्त वर्गाचा नियम सगळ्यांना पाठ असतो. अंतर दुप्पट केले की तीव्रता एक चतुर्थांश. पण वॉर्डात पोर्टेबल, म्हणजे खाटेपर्यंत नेता येणारे यंत्र, घेऊन गेल्यावर तोच विद्यार्थी एक्स्पोजरच्या वेळी खाटेच्या पायथ्याशीच उभा राहतो, कारण त्या नियमाचा अर्थ 'आता दोन पावले मागे सर' असा आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. केव्ही (किरणांची भेदकता ठरवणारा ट्यूबचा व्होल्टेज) १५ टक्क्यांनी वाढवले की एमएएस (ट्यूबचा करंट गुणिले वेळ) निम्म्यावर आणता येते, हेही त्याला ठाऊक असते. पण समोर थरथरणारा पेशंट आला की एक्स्पोजरचा वेळ कमी करायला हा नियम हाताशी आहे, हे त्याला सुचत नाही. ज्ञान आहे, पण त्याचा हात अजून यंत्रापर्यंत पोचलेला नाही.

मला माझ्याच शिकाऊपणातली एक गोष्ट इथे सांगायची आहे, कारण काही चुका फिल्मवर उमटतच नाहीत. पडून दुखापत झालेल्या एका वृद्ध बाईंना स्ट्रेचरवर आणले होते. मागणी होती हिपचा एपी व्ह्यू, म्हणजे समोरून घेतलेला एक्स-रे. मला तक्ता तोंडपाठ होता : पेशंट उताणा, पाय १५ ते २० अंश आत वळवावा, म्हणजे मांडीच्या हाडाची मान पूर्ण लांबीत दिसते. मी त्यांचे पाऊल धरले आणि आत वळवायला गेले. त्या अशा ओरडल्या की तो आवाज आजही आठवला की माझे हात थांबतात. ज्येष्ठांनी धावत येऊन माझे मनगट धरले. त्यांनी मला रागावून काही म्हटले नाही. चादर थोडी बाजूला करून एवढेच म्हणाले, "आधी दोन्ही पाय बघ." दुखरा पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पडलेले होते. हाड मोडले असण्याची खूण एक्स-रेच्या आधीच माझ्या डोळ्यांसमोर होती. असा पाय वळवायचा नसतो. तो आहे तसा ठेवायचा आणि किरण सोडणारी ट्यूब व डिटेक्टर यांची जुळणी त्याप्रमाणे करायची. मी पेशंट पाहिलाच नव्हता, मी मनातला तक्ता पाहत होते.

माझ्या लॉगबुकात त्या दिवसाची नोंद आहे : हिप एपी, एक. खाली सही.

सांगायचे आहे ते याच सहीबद्दल. आपण विद्यार्थ्यांकडून संख्या भरून घेतो. इतक्या छात्या, इतके मणके, इतके पोर्टेबल. संख्या पूर्ण झाली की तो तयार झाला असे धरतो. मी स्वतः अशा कित्येक पानांवर सह्या केल्या आहेत, रांग बाहेर उभी असताना, पान नीट न वाचता. ती चूक माझीही आहे. पण त्या पानावर त्याने किती रिपीट केले, का केले, कोणत्या पेशंटपुढे तो अडखळला, कुठे त्याने थांबून विचारले, यातले काहीच नसते. आणि एखाद्या नवख्याला रात्रपाळीत एकट्याने मशीनवर सोडता येईल की नाही, हे मला त्याच गोष्टींवरून कळते.

पेशंट त्याला काय विचारतील याचीही तयारी आपण करून देत नाही. "याने कॅन्सर होतो का?" हा प्रश्न रोज येतो, आणि विद्यार्थी एकतर "काही होत नाही" म्हणून मोकळा होतो किंवा "डॉक्टरांना विचारा" म्हणतो. पहिले उत्तर खरे नाही आणि दुसऱ्याने भीती वाढते. आपल्या आसपासच्या निसर्गातून माणसाला वर्षाला जगभराच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट (मिलिसीव्हर्ट हे मात्रा मोजायचे एकक) एवढे प्रारण, म्हणजे रेडिएशन, मिळतच असते. छातीच्या एका एक्स-रेचे साधारण ०.०२, म्हणजे दोन-तीन दिवसांच्या नैसर्गिक प्रारणाएवढे. कमरेच्या मणक्याचे त्याच्या कितीतरी पट, काही महिन्यांच्या प्रारणाएवढे. धोका अगदी लहान आहे, पण शून्य धरून चालत नाही. म्हणून डॉक्टरांना गरज वाटली तरच काढायचा आणि एकदाच नीट काढायचा. एवढे दोन-तीन वाक्यांत सांगता आले की समोरच्या माणसाचे खांदे सैल पडलेले मी पाहिले आहेत. हे बोलणे वर्गात दोघादोघांना समोरासमोर बसवून घोकून घेता येते. त्याला कुठलेही यंत्र लागत नाही.

अभ्यासक्रमातला मजकूर जुना राहतो, तेही एक दुखणे आहे. जननेंद्रियांवर शिशाचे कवच ठेवायचेच, असे आम्हाला शिकवले गेले आणि आम्ही पुढे तसेच शिकवले. २०१९ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने ही सरसकट पद्धत बंद करावी असे जाहीर निवेदन काढले. त्यामागची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. आजच्या यंत्रांमध्ये त्या भागाला मिळणारी किरणांची मात्रा मुळात फार कमी असते. शरीराच्या आत विखुरणारे किरण बाहेर ठेवलेल्या कवचाने अडत नाहीत. कवच थोडे सरकले तर नेमके पाहायचे हाडच झाकले जाते आणि रिपीट करावा लागतो. आणि ते स्वयंचलित एक्स्पोजर नियंत्रणाच्या किरण मोजणाऱ्या सेलवर आले, तर यंत्र किरण कमी पडले असे समजून एक्स्पोजर वाढवत नेते. संरक्षणासाठी ठेवलेली वस्तूच मात्रा वाढवते. इतकी सुंदर गोष्ट, पदार्थविज्ञान आणि रोजचे काम एका ठिकाणी आणणारी, आणि आपण ती तोंडी परीक्षेत "कवच ठेवावे, हो की नाही" एवढ्यावर संपवतो. ज्या विभागात अजून कवच वापरायचा नियम असेल तिथे विद्यार्थ्याने तो नियम पाळावाच. पण त्यामागे चाललेली चर्चा त्याला माहीत असली पाहिजे. पेशंट इंटरनेटवर वाचून येतात आणि त्यालाच विचारतात.

आपल्या या व्यवसायाला चुकांची किंमत सुरुवातीपासून माहीत आहे. रोएंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण सापडले आणि काही महिन्यांतच जगभर लोक ट्यूबसमोर हात धरून हाडे पाहू लागले. एडिसनच्या प्रयोगशाळेतला सहायक क्लॅरेन्स डॅली स्वतःच्याच हातांवर ट्यूब तपासत असे. त्याचे हात भाजत गेले, कापावे लागले, आणि १९०४ मध्ये तो गेला. हॅम्बुर्गमध्ये १९३६ साली उभारलेल्या स्मारकावर अशा शंभराहून अधिक जणांची नावे कोरलेली आहेत. त्यात डॉक्टर आहेत, तंत्रज्ञ आहेत, परिचारिका आहेत. आज आपल्यासाठी वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे, छातीवर अंगावर पडलेले प्रारण मोजणारा टीएलडी बॅज आहे, भिंतीत शिसे आहे. हे सगळे कोणीतरी आपली चूक, आपली जखम उघडी करून दाखवली म्हणून मिळाले. पहिल्या महायुद्धात मेरी क्युरी यांनी एक्स-रेच्या गाड्या आघाडीवर नेल्या आणि सुमारे दीडशे स्त्रियांना हे काम शिकवले. त्या शिक्षणात वीज, किरण आणि शरीररचना असे तिन्ही विषय होते. इतक्या घाईतही शरीर वगळून नुसते यंत्र शिकवावे असे त्यांना वाटले नाही.

तर माझे मागणे काय? मोठा निधी लागेल असे काही नाही. प्रत्येक विभागात नाकारलेले एक्स-रे आठवड्यातून एक तास विद्यार्थ्यांसमोर उघडावेत. पेशंटचे नाव, क्रमांक, तारीख सगळे काढून टाकावे आणि फक्त चित्र ठेवावे. बऱ्याच यंत्रणांमध्ये नाकारलेली चित्रे खरोखर पुसली जात नाहीत, व्यवस्थापकाच्या खात्यात पडून असतात. आपण ती उघडतच नाही. विद्यार्थ्याने कोणताही एक्स-रे नाकारण्याआधी शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तोंडी सांगावे : काय चुकले, का चुकले, आता काय बदलतो. तीन वाक्ये. ती सांगता येत नसतील तर त्याने दुसरे एक्स्पोजर देऊ नये, ज्येष्ठाला बोलवावे. आणि लॉगबुकात संख्येच्या शेजारी रिपीटचा एक रकाना असावा.

संस्थांनी पेशंटच्या आधी फँटमवर, म्हणजे शरीराच्या जागी वापरायच्या नकली नमुन्यावर, भरपूर वेळ द्यावा. फँटम नसेल तर विद्यार्थ्यांनी एकमेकांवर नुसती पोझिशन लावावी, ट्यूब बंद ठेवून, दिवसभर. किरण कुठे पडतील ते दाखवणारा कोलिमेटरचा दिवा, डावे-उजवे दाखवणाऱ्या मार्करची जागा, श्वास धरायला सांगण्याचा सूर, एवढे जरी बसले तरी पहिल्या पेशंटपुढे हात कापत नाहीत. मार्करवर मी मुद्दाम जोर देते. एक्स्पोजरच्या वेळी ठेवलेला शिशाचा मार्कर आणि नंतर संगणकावर चिकटवलेले अक्षर यांत फरक आहे. नंतर अक्षर लावताना माणूस आठवणीवर विसंबतो, आणि गर्दीच्या दिवशी आठवण दगा देते. डावे-उजवे एकदा उलटले की पुढे सर्जनच्या टेबलापर्यंत ते तसेच जाऊ शकते.

आणखी एक. प्रत्येक विद्यार्थ्याला निदान काही दिवस रेडिओलॉजिस्टच्या शेजारी बसू द्या. आपण काढलेल्या एक्स-रेमध्ये ते आधी कुठे पाहतात, कोपराच्या लॅटरलमध्ये चरबीची छोटीशी काळी सावली वर उचललेली दिसली की ते कसे थांबतात, आणि कोपर नीट ९० अंशांत नसेल तर तीच सावली कशी फसवते, हे एकदा पाहिले की पोझिशनचा कंटाळा येत नाही.

मला ठाऊक आहे, तुम्ही म्हणाल की वेळ कुठे आहे. बाहेर चाळीस पेशंट बसलेले, एक मशीन बंद, माणसे अपुरी. मीही त्याच खोलीत उभी असते. पण तीनदा काढलेल्या मनगटाला गेलेला वेळही आपलाच होता, आणि तो पुढच्या मनगटाला पुन्हा जाणार आहे. दुसरी अडचण लाजेची. सगळ्यांसमोर चूक दाखवली तर मुले खचतील, असे काहींना वाटते. माझ्या काळी तसे झालेही. काही ज्येष्ठ त्या पेटीचा उपयोग मुलांना हिणवायला करत, आणि एक-दोघांनी त्यापायी शिकणे सोडलेले मी पाहिले आहे. म्हणून त्या तासाला पहिली चित्रे ज्येष्ठांची असावीत. आमचे रिपीट होत नाहीत असे कोणी म्हणत असेल तर तो ते मोजत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्या विद्यार्थिनीचे पुढे काय झाले तेही सांगते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिची दोन्ही पुसलेली चित्रे शोधून काढली आणि शेजारी शेजारी लावली. पिसिफॉर्म हे वाटाण्याएवढे हाड पहिल्यात एका बाजूला सरकलेले होते, दुसऱ्यात दुसऱ्या बाजूला. म्हणजे पहिल्या वेळी मनगट एकीकडे वळले होते, दुसऱ्या वेळी तिने ते सुधारताना गरजेपेक्षा जास्त फिरवले. मी काही बोलले नाही. ती बराच वेळ पाहत राहिली, मग उठून आत गेली आणि पेशंटच्या खुर्चीवर स्वतः बसली. हात टेबलावर ठेवला. म्हणाली, "खुर्ची उंच होती, मॅडम. खांदा टेबलाच्या खूप वर राहत होता. मी नुसतं मनगटच फिरवत बसले." खांदा, कोपर आणि मनगट एका पातळीत हवे, हे तिने परीक्षेत लिहिले होते. त्या खुर्चीवर बसल्यावर ते तिला दिसले.

माझ्याकडे गेल्या काही वर्षांत जमवलेली अशी चित्रे आहेत. त्यांतली बरीच माझी स्वतःची आहेत. सगळ्यांवरची ओळख काढून टाकलेली आहे आणि प्रत्येकाखाली काय चुकले ते लिहिलेले आहे. आमच्या विभागाने ती शिकवण्यासाठी वापरायला परवानगी दिली आहे. ज्या संस्थेला ती हवी असतील तिला मी आनंदाने देईन, आणि पहिल्या तासाला येऊन माझ्या चुकांपासून सुरुवात करीन.

आपली नम्र,
एक्स-रे विभागातील एक ज्येष्ठ तंत्रज्ञ